करणारीची भाकर

जानेफळ, सोमवार, ४ ऑगस्ट

चि. सौ. प्रेरणास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

व्याही भाऊरावांच्या गुडघ्यातलं पाणी उतरलं का? त्यांना म्हणावं, एरंडाचं पान गरम करून बांधा, डॉक्टर काही म्हणो. विहीणबाईंची साखर किती निघाली या वेळी? त्या चहा बिनसाखरेचा घेतात अन् गुलाबजाम चोरून खातात, हे तुझ्या माहेरी सगळ्या दुसरबीडला ठाऊक आहे. तुझा भाऊ प्रेमानंद कसा आहे? रस्त्यावरचं हॉटेल म्हणजे दिवसभर उभं राहणं, त्याच्या कंबरेला जप म्हणावं. आपल्या सुजाताचा पुढचा दात पडला की अजून लटकूनच आहे? बाळाचा खोकला गेला का? त्याच्या छातीला ओवा-लसणाचं तेल लावत जा.

इकडं सगळे ठीक आहेत. तुझे सासरे ठीक. तुझ्या आतेसासूबाई, रुक्मिणीबाई, त्यांना आता ऐकायला अजूनच कमी येतं, म्हणून त्या अजूनच मोठ्यानं बोलतात. संघपाल गाडीवर जातो, येतो, जेवतो अन् मोबाईल पाहत बसतो. तुझा फोटो पाहतो की रील, ते मी विचारलं नाही.

फोन काऊन केला नाही म्हणशील. तू उचलत नाहीस, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे घरात फोन एकाचा अन् कान दहा जणांचे. म्हणून कागद घेतला. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, सांभाळून घे. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली बाई मी, माझ्याकडून वळणदार कुठून येणार? जोडाक्षरं तर तूच बसवून घेतलीस माझ्याकडून.

काम असं आहे. मेहकरला १९ तारखेला बचत गटांची सभा आहे. विषय काय, तर कमी खर्चात मोठ्या घराचं जेवण. तालुक्याच्या मॅडम घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "सिंधूताई, बारा माणसांचं घर तुम्ही इतक्यात कसं चालवता ते बायांना सांगा. तुमच्या घरी एक घास फेकला जात नाही म्हणे." मी हो म्हणून बसले. आता आठवड्याचा जेवणाचा कागद तू मला लिहून दिला होता ना, तो सापडत नाही. फडताळ उपसलं, गाद्या झटकल्या, पिठाच्या डब्यात हात घातला.

मला आठवतं ते असं. सोमवारी बेसन अन् भाकर. मंगळवारी तुरीचं पातळ वरण, रेशनचा तांदूळ. बुधवारी बाजारच्या उतरत्या भाजीतलं जे मिळेल ते. दिवस मावळायला लागला की भाजीवाला ढीग लावून देतो, तेव्हाच जायचं. गुरुवारी आंबट ताकाची कढी अन् डाळीचे वाफवलेले फुणके. शुक्रवारी सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा, पोट्टे त्याला मटण म्हणतात, म्हणू द्यावं. शनिवारी वरणफळं, म्हणजे त्या रात्री भाकरीच नको. रविवारचं आठवत नाही. रविवारी काय होतं गं?

पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, घोळ या पालेभाज्या फुकट, पण यंदा तरोटा निबर झाला.

तो कागद कुठं ठेवला असशील तर कळव. त्या दिवशीचं मनावर घेऊ नको. रागाच्या भरात माणूस बोलून जातं, तूही ताडकन पिशवी भरून निघालीस. भांड्याला भांडं लागतं. असो.

बस आली वाटतं, चिठ्ठी पोस्टात टाकायला तुझ्या दिराला देते.

तुझी,
सिंधूबाई


रविवार, १० ऑगस्ट

चि. सौ. प्रेरणास,
जयभीम.

पत्र पोचलं का नाही कळायला मार्ग नाही. कागद सापडला नाही. आता त्याचं एवढं काही नाही. दुसरंच सुरू झालं आहे घरात, अन् कोणाला सांगावं कळत नाही म्हणून तुलाच सांगते.

घरात भाकरी पुरत नाहीत.

हसू नको. एकोणतीस वर्षं मी या घरात पीठ मोजून घेते. पितळेचं माप, तेच. कोणाला किती लागतात ते मला झोपेतून उठवून विचार. यांना तीन. तुझ्या चुलतसासऱ्याला चार, अन् वर म्हणणार की आज भूक नव्हती. संघपालला पाच. तुझ्या दिराला, धम्मरत्नला, चार. तुझी जाऊ महामाया शेतात निंदायला जाते, तिला तीन, तिचा डबा आधी बांधायचा. रुक्मिणीबाईला दोन, मला दोन. महामायाच्या तीन पोट्ट्यांत मिळून चार, सुजाताला एक. झाल्या अठ्ठावीस. रोज अठ्ठावीस, टोपलं रिकामं, शिळं नाही, उपाशी कोणी नाही. हाच तर माझा मान.

तू अन् सुजाता गेल्यावर मी हिशेबानं चार कमी केल्या. सुजाताची एक, तुझ्या तीन. बाईमाणसाला तीन लागतात या अंदाजानं. चोवीस थापल्या. तू नाहीस म्हणून मीच चुलीपाशी बसते आता. पाय दुमडत नाहीत, पाटावर बसून करते. पहिल्या दिवशी सगळे जेवून उठले अन् टोपल्यात पाहते तर काही नाही. महामायाच्या पोट्ट्यांना मिळून तीनच पडल्या होत्या, मला काहीच नाही. म्हटलं माझ्या हाताच्या जाड झाल्या असतील, पीठ जास्त गेलं असेल. दुसऱ्या दिवशी पातळ थापल्या. तरी तेच. तिसऱ्या दिवशी मी भाकरी मोजून टोपल्यात ठेवल्या अन् दारात पाट टाकून बसले, मांजर येतं का पाहायला. मांजर आलं नाही.

मग काय, तोंड सुटलं माझं. महामाया निंदणावरून आली, अजून पायाचा चिखलही धुतला नव्हता. मी विचारलं, "काऊन व, भाकरी कुठी जाते? तुह्या पोट्टेहीनं नेल्या काय?"

तिनं बादलीत पाय घातले अन् माझ्याकडं न पाहता बोलली, "माय, तुमी जाऊबाईच्या तीन भाकरी कमी केल्या ना?"

"हाव. केल्या."

"मंग बरोबर. जाऊबाईच्या तीन भाकरी होत्या कवा टोपल्यात?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! जे नव्हतं ते तुमी काढलं. मंग ते आमच्यातूनच जाईन ना बाप्पा." अन् गेली आत पोट्ट्यांना हाका मारत. फार जीभ चालते तिची. तिच्या माहेरीही अशीच होती म्हणतात.

मला राग आला. मी पुन्हा मोजलं. बोटांवर मोजलं, मग हरभऱ्याचे दाणे मांडून मोजलं. यांचे तीन दाणे, संघपालचे पाच. अठ्ठावीस दाणे संपले अन् तुझ्यासाठी दाणाच नाही. पुन्हा मांडले. प्रेरणा, मी चार वेळा मांडले. नऊ वर्षं तू त्या चुलीपाशी बसून अठ्ठावीस भाकरी थापल्या अन् त्या अठ्ठावीसमध्ये तुझी एकही नव्हती.

मग तू काय खात होतीस गं?

माझ्या सासूचं बोलणं होतं, करणारीचं पोट वासानंच भरतं. हात चाखता चाखता जेवण होऊन जातं. मलाही ते खरंच वाटत आलं. फाटलेली, करपलेली, पोट्ट्यांनी सोडलेली अर्धी कोर, ते करणारीचं. वरणफळाच्या दिवशी पातेल्याच्या बुडाला लागलेलं. सगळ्यांची सोय लावता लावता हे असं बसलं होतं, मी ते कधी मोजायला घेतलंच नाही. डबा घेऊन जाणाऱ्याची भाकर मोजतात, चुलीजवळ असते तिची कोणी मोजत नाही.

पण मग पाव्हणा आला की वाढीव दोन कुठून यायच्या? त्या दिवशी तुझ्या वाटची अर्धी कोरही त्याच्याच ताटात जात असेल.

रुक्मिणीबाई हाक मारून राहिल्या आहेत, दूध उतू चाललं वाटतं. नाही, दूध नाही, त्यांना चष्मा सापडत नाही. त्यांच्या डोक्यावरच आहे.

पत्राचं उत्तर दे. काहीही लिही, शिव्या दे.

तुझी,
सिंधूबाई


गुरुवार, १४ ऑगस्ट

प्रेरणा,

तुझी चिठ्ठी काल आली. पोस्टमननं यांच्या हातात दिली, यांनी उलटी सुलटी करून माझ्याकडं टाकली. मी ती घेऊन गोठ्यात गेले. चार ओळींची चिठ्ठी, पण मला वाचायला वेळ लागला.

"आई, तुम्ही पत्रात सगळ्यांची तब्येत विचारली, माझी सोडून. मी चोर नाही. बाळाला दूध पुरत नव्हतं म्हणून शेंगदाणे आणि गूळ खात होते. रविवारी आपण फोडणीची भाकर करायचो, शनिवारी वरणफळं असली तर सकाळच्या दोन-तीन शिल्लक राहायच्या म्हणून."

रविवारचं उत्तर दिलंस. एवढं बोलल्यावरही माझ्या सभेची काळजी केलीस. मी गोठ्यात गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, गाय माझ्याकडं पाहायला लागली की ही बाई आज काऊन दाबून राहिली.

आता लिहितेच. पहिल्या पत्रात मी "असो" म्हणून झाकलं. झाकायला जागा नव्हती.

त्या दिवशी गटाच्या दोघी ओसरीवर बसल्या होत्या, घरची माणसं जेवत होती. मी कोठीघरात मीठ आणायला गेले अन् तू कोठीच्या मागं, बाळ मांडीवर, ओच्यात शेंगदाणे. लाडवासाठी ठेवलेले माझे शेंगदाणे, एवढंच मला दिसलं. बाळ दिसलं नाही, तुझ्या गालाची हाडं किती वर आली ते दिसलं नाही. मी तुझ्या हाताला धरून ओसरीवर आणलं अन् सगळ्यांदेखत म्हटलं, "हे पाहा, मांजर सापडली. मी म्हणत होते ना शेंगदाणे कोण नेते. घरातच चोर." ओसरीवरच्या एकीनं तोंडाला पदर लावला. संघपाल खाली मान घालून जेवत राहिला. पाचवी भाकर होती त्याची. ते मला आज आठवतं, कारण मोजायची सवय आहे.

तू ओच्यातले शेंगदाणे माझ्या हातात दिले अन् पिशवी भरायला गेलीस.

आता दुसरं. हे मी यांनाही सांगितलेलं नाही. संघपालच्या वेळी मी ओली होते, दोन महिन्यांची बाळंतीण. सासूच्या घरी चौदा माणसं. मी चुलीपाशी. पोटात असा खड्डा पडायचा की कच्चं पीठ खायची इच्छा व्हायची. अन् मी खाल्लं. मुठीनं खाल्लं, ज्वारीचं पीठ, वर पाणी. गुळाचा खडा ओठात दाबून विहिरीवर जायची अन् घागर भरेपर्यंत चघळायची. कितीक महिने चाललं ते. सासूला मरेपर्यंत कळलं नाही. सगळी भावकी म्हणायची, पंजाबची बायको किती सोसणारी, जिभेला चव नाही. मी सापडले नाही, तुझ्यात अन् माझ्यात फरक एवढाच.

अन् जिनं चोरून पीठ खाल्लं, तिनंच तुला चोर म्हटलं.

माफी मागायला पोस्टातून यावं का, काय करावं, मला कळत नाही. यांचं म्हणणं आहे की पोरीनं आधी येऊन चुकलं म्हणावं, मग पाहू. मी म्हटलं, कोण चुकलं ते मी पाहते. त्यांना वाटलं मी तुझ्याबद्दल बोलते, खूश होऊन पान लावायला बसले.

जीव एका ठिकाणी बसत नाही. उठते, माप पाहते, पुन्हा ठेवते. १९ तारीख जवळ येत चालली आहे. मॅडमचा फोन आला, "ताई, तुमचं गुपित सांगा बायांना, पाच-दहा मिनिटं." कशाचं गुपित सांगू?

तुझी तब्येत कशी आहे? पहिल्या पत्रात राहून गेलं म्हणणार नाही. सुचलंच नाही, हे खरं आहे. खाते आहेस का?

सिंधूबाई


बुधवार, २० ऑगस्ट

प्रेरणा,
जयभीम.

काल मेहकरला जाऊन आले.  दीडशे-एक बाया होत्या. मागं मोठं बॅनर, त्यावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, शिंदूताई. आधी एका बाईनं कुकरमध्ये तीन भांडी एकावर एक कशी लावायची, गॅस कसा वाचतो, ते दाखवलं. छान दाखवलं. मग मला उभं केलं.

मी सुरुवात तर बरी केली. उतरता बाजार सांगितला, फुणके सांगितले, ताक आंबट झालं की फेकायचं नाही ते सांगितलं. बाया वहीत लिहून घेत होत्या. मॅडम हसून म्हणाल्या, "बारा माणसं आणि शिळं उरत नाही, याचं गुपित काय ताई?"

मी म्हटलं, "बारा माणसं अन् भाकरी अकरा माणसांच्या, हे गुपित आहे. बारावी माही सून होती. तिच्या भाकरी मी मोजल्याच नाही, म्हणून शिळं उरलं नाही. लेकरू अंगावर पेत असताना ती उपाशी रायली, अन् तिनं मूठभर शेंगदाणे खाल्ले तर मी तिले चोर म्हणलं. चार माणसांत म्हणलं. ते खोटं होतं. चोर ती नाही. चोरी झाली तर तिच्या ताटातून झाली."

हुंदका वगैरे नाही आला मला, तू तसं समजशील म्हणून सांगते.  मॅडमच्या हातातला माईक तसाच राहिला. मागून एक म्हातारी उठली, डोणगावकडची होती बहुतेक, ती म्हणाली, "बाई, मले तर कोणी आजवर इचारलंच नाही का तू किती खाते." अन् दुसरी तिला म्हणाली, "बस व खाली, फोटो काढून राह्यले." सगळ्या हसल्या, अन् मग हसल्या नाहीत. एक पोरसवदा बाई होती, तिनं चांगलं विचारलं: "मंग आता तुमी काय केलं, ताई?"

 बक्षीस म्हणून स्टीलचा डबा दिला, घेऊन खाली बसले.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ओसरीवरची ती, तोंडाला पदर लावणारी, तिची जाऊ सभेत होती. हे दारातच उभे. "चवाट्यावर सांगून आली काय घरचं?"

मी म्हटलं, "चोर म्हणलं ते कुठी म्हणलं होतं? चवाट्यावरच ना? मंग हे कोठीघरात सांगू काय?"

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन का पंजाबराव तीन भाकरी खाते. खरंच हाय ते."

रुक्मिणीबाईंना काल नेमकं ऐकू आलं, त्या फसकन हसल्या. यांनी टोपी घातली अन् देवळापुढच्या पारावर जाऊन बसले. अंधार पडायच्या आत आले, भूक लागली होती.

संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी मी सगळ्यांना तेच सांगितलं, घरातही सांगितलं पाहिजे ना. शेंगदाण्यांचं सांगितलं, अन् माझ्या कच्च्या पिठाचंही सांगितलं. संघपालनं ताट सरकवलं. म्हणाला, "मले दिसत होतं, माय. ती शेवटी बसते ते दिसत होतं. मले वाटे तिले भूक नसंन." अन् उठून गाडी पुसायला गेला. गाडी सकाळीच पुसली होती. आज सकाळी म्हणाला, "मी दुसरबीडले जाऊन तिले घेऊन येतो." मी म्हटलं, "घेऊन यायले ती सिलिंडर हाय काय? पहिले इचारलं पाह्यजे." त्याला मी थांबवून ठेवला आहे. रागावू नको त्याच्यावर, किंवा राग, तुझा हक्क आहे. पण तो येईल तर तुझ्या बोलावण्यावर येईल.

आता त्या पोरीच्या प्रश्नाचं. मी काय केलं ते सांगते, फार नाही केलं. चुलीपाशी एक छोटी टोपली ठेवली. तव्यावरून उतरलेल्या पहिल्या भाकरी त्या टोपलीत जातात, करणारीच्या. मग बाकीच्यांचं टोपलं. आज मी करणारी, उद्या महामाया, परवा रुक्मिणीबाईंनी दोन थापल्या तर त्यांच्याही. यांनी पाहिलं अन् म्हणाले, "आता टोपली येगळी, उद्या चूल येगळी होईन." मी म्हटलं, चूल वेगळी व्हायची वेळ आली होती ती याच टोपलीविना.

पण वाढीव पीठ आभाळातून पडत नाही. ज्वारी महाग आहे, तुला ठाऊक आहे. मंगळवारचं वरण-भात आता शुक्रवारीही. रेशनचा तांदूळ आहेच, त्या रात्री भाकरी निम्म्या. ज्वारीच्या पिठात थोडं उडदाचं पीठ घालून कळण्याची भाकर करते, ती पोटात जास्त टिकते, पाचाच्या जागी चार पुरतात. संघपालला आज चारच वाढल्या, त्यानं विचारलं नाही. धम्मरत्ननं दिवसाच्या दोन गुटख्याच्या पुड्या बंद केल्या म्हणतो, मी खिसा पाहणार नाही. तुझ्या चुलतसासऱ्यांचा दुपारचा चहा बंद केला तर ते आत्महत्या करीन म्हणाले, तो चालू ठेवला. शेंगदाण्यांचा डबा कोठीतून काढून ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवला आहे, झाकण न लावता. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावे. सकाळपासून पोट्टे तिकडंच आहेत, लाडू होतील असं वाटत नाही.

हे सगळं तू यावीस म्हणून लिहिते का? हो, यावीस असं वाटतं. घर उदास झालं आहे, महामाया अन् मी दिवसाला दोनदा भांडतो, मध्ये पडायला कोणी नाही. पण तसं मी मागणार नाही. ज्या घरात पोट भरलं नाही तिथं परत ये म्हणायला मला तोंड नाही. दुसरबीडला राहिलीस तरी तू माझी सूनच, अन् सभेत जे बोलले ते मागं घेणार नाही. कोणी तिकडं चोर म्हटलं तर त्याला माझ्याकडं पाठव.

एक मात्र विचारायचं आहे. सगळ्यांचं मला ठाऊक आहे. कोणाला दूध-भाकर आवडते, कोणाला कांदा चालत नाही, कोण शेवटची अर्धी नको म्हणून घेतो. तुझं नाही ठाऊक. नऊ वर्षं तू माझ्या स्वयंपाकघरात होतीस अन् तुझं पोट कितीत भरतं ते मला सांगता येत नाही. तीन मी आपल्या अंदाजानं धरल्या होत्या. अंदाजाचं काय खरं?

तर कळव. लाजून कमी सांगू नको, बाळ अंगावर आहे ते धरून सांग. ज्वारी निवडून झाली आहे, मंगळवारी दळायला टाकते, महिनाभराची एकदाच. मोठं पत्र लिहू नको, वेळ घालवू नको. पोस्टकार्डावर एक आकडा पुरे. तू येवो न येवो, तो मला पाहिजे. मंगळवारच्या आत पोचेल असं लिही.

तुझी,
सिंधूबाई